‘कंपनीची देऊ की साधी?’

हा प्रश्न ऐकला नाही अशी बाई शोधून सापडणार नाही. कुकरची रिंग घ्यायला जा, मिक्सरच्या भांड्याचं कपलर घ्यायला जा, शिलाई मशीनचा पट्टा घ्यायला जा... दुकानदार दोन वस्तू काउंटरवर ठेवतो आणि हेच विचारतो. आपणही दोन्ही हातात घेतो, दाबून बघतो, किंमत विचारतो आणि अनुभवाने ठरवून टाकतो. कुकरचा सेफ्टी व्हॉल्व्ह कंपनीचाच, तिथे तडजोड नाही. डब्याच्या झाकणाची रबरी रिंग मात्र कुठलीही चालते. हे शहाणपण आपल्याला कुठल्या पुस्तकाने दिलेलं नसतं, सासूबाईंनी आणि शेजारणींनी दिलेलं असतं.

पण कॅमेऱ्याच्या बॅटरीबद्दल हाच प्रश्न आला, की ना सासूबाई मदतीला येतात ना शेजारीण!

साताऱ्यातल्या ज्या बचत गटाचं काम मी गेली काही वर्षं बघते, त्यातल्या चौघीजणी फोटोग्राफी करतात. डोहाळजेवण, बारसं, मंगळागौर, हळदीकुंकू, मुलांचे वाढदिवस. लग्नाच्या मोठ्या ऑर्डरी अजून पुरुष फोटोग्राफरांकडेच जातात. पण हळदीला आणि मेंदीला ‘बाई फोटोग्राफर असेल तर बरं’ असं म्हणणारी घरं आता भेटतात. साहजिकच आहे. बाईच्या हातात कॅमेरा असला की आत्या, मावश्या, काकू सगळ्या मोकळेपणाने फुगड्या घालतात, पदर सावरत बसत नाहीत. गटाने अंतर्गत कर्ज काढून कॅनन १५००डी हा कॅमेरा सेकंडहँड घेतला. मोबाइल असताना कॅमेरा कशाला, असं तुम्ही म्हणाल. मांडवातल्या अर्धवट उजेडात फ्लॅश लावून काढलेला आणि अल्बमसाठी मोठा छापलेला फोटो मोबाइलवरच्या फोटोशेजारी ठेवून बघा, एवढंच सांगते.

कॅमेऱ्याबरोबर एकच बॅटरी आली, तीही जुनी. या कॅमेऱ्याला ‘एलपी-ई१०’ नावाची बॅटरी लागते. आगपेटीपेक्षा जराशी मोठी, काळी, छोटीशी वस्तू. कंपनीच्या हिशेबाप्रमाणे नवी बॅटरी पूर्ण चार्ज केली की डोळ्याला कॅमेरा लावून साधारण ५०० फोटो निघतात. मागच्या स्क्रीनवर बघून काढले तर त्याच्या निम्मेच. आणि ओटी भरण्यापासून उखाण्यांपर्यंत सगळं टिपायचं म्हटलं, तर एका डोहाळजेवणात सहाशे-सातशे फोटो सहज होतात. म्हणजे दुसरी बॅटरी हवीच, ती काही चैन नव्हे.

दुकानात गेल्यावर तीन भाव समोर आले. कंपनीची तीन हजारांच्या पुढे. दुसऱ्या कंपनीची आठशे-नऊशे. आणि दुकानदाराने ड्रॉवरमधून हळूच काढलेली तिसरी, हिच्यावर कॅननचं नाव, किंमत मात्र कंपनीच्या बॅटरीच्या निम्मी. ‘सेम टू सेम आहे ताई, फर्स्ट कॉपी. कॅमेऱ्याला पण कळत नाही.’

मैत्रिणींनो, सगळी गोम इथेच आहे. आपण समजतो की निवड दोनच गोष्टींत आहे, महागडी अस्सल आणि स्वस्त नक्कल. प्रत्यक्षात वस्तू तीन असतात. एक ‘ओरिजिनल’, म्हणजे कॅमेरा बनवणाऱ्या कंपनीच्याच नावाने येणारी. दुसरी ‘कम्पॅटिबल’, म्हणजे दुसऱ्याच एखाद्या कंपनीने त्या कॅमेऱ्याच्या मापाची बनवून स्वतःच्या नावाने विकलेली. ती काही चोरी नाही. घरगुती पापड विकणाऱ्या बाईने आपल्या नावाचं लेबल लावून पापड विकावेत, तसं ते आहे. पापड चांगले असतील किंवा वाईट, पण लेबल खरं आहे. आणि तिसरी ‘डुप्लिकेट’, जी दुसऱ्याच्या नावाने खोटं बोलते. बाजारात या दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकाराला सरसकट ‘लोकल’ किंवा ‘चायना’ म्हणून एकाच टोपलीत टाकतात. सगळा घोळ तिथूनच सुरू होतो.

मी बी.ए. झाले ते मराठी घेऊन. विज्ञानाशी माझा संबंध दहावीनंतर सुटला. पण गटाचा हिशेब बघायचा तर वस्तू समजून घ्यायलाच हवी, म्हणून इंजिनिअर असलेल्या माझ्या पुतण्याला एका रविवारी पुरणपोळीच्या बोलीवर बसवून घेतलं. त्याने सांगितलेलं मी माझ्या भाषेत सांगते.

ही बॅटरी म्हणजे नुसता एक ठोकळा नसतो. तिच्या पोटात लिथियम-आयनचे दोन सेल असतात, प्रत्येकी ३.७ व्होल्टचे, म्हणून बॅटरीवर ७.४ व्होल्ट लिहिलेलं असतं. या जातीची बॅटरी १९९१ साली सोनीने पहिल्यांदा बाजारात आणली, आणि ती ज्यांच्या संशोधनातून घडली त्या तिघा शास्त्रज्ञांना २०१९ साली रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. वजनाला हलकी आणि ताकदीला भारी. पण तिचा स्वभाव तापट. प्रत्येक सेल ४.२ व्होल्टपर्यंत भरायचा, त्यापुढे दामटून भरला तर तो गरम होतो, फुगतो आणि वेळप्रसंगी पेटतो. अगदी तळापर्यंत रिकामा केला तरीही बिघडतो. म्हणून सेलबरोबर एक छोटीशी सर्किटची पट्टी बसवलेली असते. भरली, आता बस. संपली, आता बस. आत शॉर्ट झालंय, तोडा कनेक्शन. हे सगळं ती पट्टी बघते. ‘काकू, तुझ्या कुकरचा सेफ्टी व्हॉल्व्ह समज,’ पुतण्या म्हणाला. मला तेव्हाच सगळं समजलं.

ओरिजिनलमध्ये हा व्हॉल्व्ह असतो. नाव सांभाळणाऱ्या कम्पॅटिबल कंपनीच्या बॅटरीतही असतो, कारण माल परत आला तर तिचंच नाव जातं. डुप्लिकेट बनवणाऱ्याला नाव जाण्याची भीती कसली? नाव तर दुसऱ्याचंच! मग सेल कुठले, किती जुने, पट्टी धड आहे की नाही, याचा जाब विचारायला माणूसच शिल्लक राहत नाही.

हे सगळं मी एवढ्या पोटतिडकीने लिहितेय त्याला कारण आहे. आमच्या चौघींमधल्या सगळ्यात धाकटीने, तिला आम्ही सगळ्या ‘धाकटी’च म्हणतो, आमच्या ओळखीच्या नसलेल्या एका दुकानातून बॅटरी आणली. तिने काही स्वस्तात मिळते म्हणून आणली नव्हती. दुकानदाराने ‘ओरिजिनल’ म्हणून दिली आणि तिने चांगले अडीच हजार मोजले. बिल मागितलं तर ‘बिल हवं तर जीएसटी वेगळा पडेल’ असं उत्तर. पाचशे रुपये वाचले म्हणून ती खूश होती. आठवडाभराने कोरेगावच्या बाजूला एका गावात बारशाची ऑर्डर होती, तिची एकटीची पहिली. सकाळपासून पाळणा सजवतानाचे, बाळंतिणीचे, आजीचे फोटो झाले. कॅमेऱ्यावर बॅटरीच्या सगळ्या खुणा भरलेल्या दिसत होत्या. बाळाची आत्या कानात नाव सांगायला वाकली, बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घालायला हात उचलले आणि कॅमेरा बंद! ज्या खुणा मिनिटापूर्वी भरलेल्या होत्या त्या सरळ रिकाम्या. गटाची जुनी बॅटरी पिशवीत होती, ती घालेपर्यंत पाळणा म्हणून झाला होता.

आत्याने पुन्हा वाकून दाखवलं, फोटो निघाला. पण तो कसा निघाला असेल ते तुम्हाला सांगायला नको. उरलेले पैसे त्या घराने दिले नाहीत. त्याचंही एक वेळ काही नाही. पण ‘बायकांना कशाला द्यायची ऑर्डर, यांना मशीन थोडंच कळतं’ हे वाक्य मांडवातल्या कुणीतरी म्हटलं, आणि ते आमच्यापर्यंत तीन वेगवेगळ्या तोंडांतून आलं. पुरुष फोटोग्राफरची बॅटरी संपली असती तर बॅटरी वाईट ठरली असती. इथे बाई वाईट ठरली.

नंतर ती बॅटरी आम्ही सोनाराच्या काट्यावर ओरिजिनलच्या शेजारी ठेवली. सात-आठ ग्रॅमने हलकी भरली. छपाईही नीट बघितली तर अक्षरं जराशी फुगलेली, कडा पुसट. दुकानदार म्हणाला, बिल दाखवा. बिल तर नव्हतंच. ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर सगळ्यांसाठी खुला आहे, पण हातात कागद नसेल तर तक्रारीत जीव राहत नाही. तेव्हापासून गटाचा नियम झाला, बिलाशिवाय एक सेल्फी स्टिकसुद्धा घ्यायची नाही.

त्या महिन्याच्या बैठकीत बॅटरीवर तासभर चर्चा झाली. एक जण म्हणाली, आता फक्त ओरिजिनल, विषय संपला. दुसरीने लगेच हिशेब मांडला, की एका ओरिजिनलच्या पैशात तीन कम्पॅटिबल येतात, आणि कर्जाचा हप्ता कोण भरणार? दोघींचंही खरं होतं. गाडी पुढे सरकेना. मग आमच्या खजिनदार बाई बोलल्या. त्या ब्लाउज शिवतात, आणि बोलतात कमी. ‘मी मशीनची सुई कधी हलकी घेत नाही,’ त्या म्हणाल्या, ‘कारण सुई तुटली तर कापड दुसऱ्याचं फाटतं. पण बॉबिन मी बाजारातली घेते. आजवर कधी अडलं नाही.’

त्या एका वाक्यावर निर्णय झाला. मुख्य समारंभाच्या वेळी कॅमेऱ्यात ओरिजिनलच असायची, ती आमची सुई. जोडीला नाव असलेल्या कंपनीची एक कम्पॅटिबल, ती तयारीचे, जेवणाच्या पंगतीचे, नंतरच्या ग्रुप फोटोंचे काम करेल आणि अडीअडचणीला हाताशी राहील. डुप्लिकेट कुठल्याही भावात नाही. फुकट मिळाली तरी नाही.

मला विचाराल तर घरगुती वापराला, म्हणजे वर्षातून दोन सहली आणि एक वाढदिवस असा ज्यांचा कॅमेरा चालतो त्यांना, चांगली कम्पॅटिबल बॅटरी पुरते. दुसरी ओरिजिनल घेण्यात पैसे अडकवू नयेत. कंपन्याही काही धर्मादाय दवाखाने चालवत नाहीत. ओरिजिनलच्या किमतीत नावाचे पैसे असतातच. आणि ओरिजिनल म्हणजे देवाची मूर्ती, असंही समजू नका. निकॉनने आपल्याच काही बॅटऱ्या, २००५ साली ‘ईएन-ईएल३’ आणि २०१२ साली ‘ईएन-ईएल१५’, गरम होण्याच्या कारणावरून परत मागवल्या होत्या. २०१६ साली सॅमसंगचा नोट ७ हा फोन तर ओरिजिनल बॅटरीनिशीच पेट घेत होता. फरक इतकाच, की कंपनीची चूक झाली तेव्हा तिने लॉट नंबर जाहीर केले, माल परत घेतला. ओरिजिनलला जादा पैसे आपण मोजतो ते याच जबाबदारीचे. कम्पॅटिबल निवडतानाही तीच गोष्ट बघायची. कंपनीचं नाव, पत्ता, ग्राहकसेवेचा फोन आणि वॉरंटी बॉक्सवर आहे का? चिडलो तर कुणाकडे जायचं, हे आधी माहीत असलं पाहिजे.

आपल्याकडे यासाठी एक चांगली सोय आहे, जी फार कमी बायकांना माहीत असते. मोबाइल, कॅमेरा वगैरेंत वापरायच्या या चार्जिंगच्या बॅटऱ्यांना भारतीय मानक ब्यूरोची, म्हणजे बीआयएसची नोंदणी सक्तीची आहे. त्यांचं मानक ‘आयएस १६०४६’. बॅटरीवर बीआयएसची खूण आणि इंग्रजी ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक छापलेला असतो. बीआयएसचं ‘बीआयएस केअर’ नावाचं अॅप मोबाइलवर घ्या, त्यात तो नंबर टाका, कुठल्या उत्पादकाला आणि कुठल्या वस्तूसाठी तो दिलाय ते समोर येतं. दुकानात उभं राहून दोन मिनिटांचं काम. आमची धाकटी आता हे काम दुकानदाराच्या डोळ्यांदेखत करते. सोनं घेताना हॉलमार्क बघतो ना आपण? तसंच.

आता आकड्यांची गंमत सांगते. बॅटरीवर ‘एमएएच’ असा एक आकडा असतो, तो तिच्यात किती वीज मावते ते सांगतो. कॅननच्या एलपी-ई१०वर ८६० लिहिलेलं आहे. आणि बाजारात त्याच मापाच्या बॅटरीवर १२००, १५०० असे आकडे झळकतात! डबा तेवढाच, मग धान्य पावणेदोनपट कसं मावेल? थोडंफार जास्त असू शकतं, तंत्र सुधारतं. कॅननच्याच मोठ्या कॅमेऱ्यांची ‘एलपी-ई६’ ही बॅटरी २००८च्या सुमाराला १८०० एमएएचची होती, तिचीच त्याच मापाची पुढची आवृत्ती २०२०मध्ये २१३० झाली. म्हणजे एवढ्या मोठ्या कंपनीला बारा वर्षांत जेमतेम अठरा टक्के वाढ जमली. मग गल्लीतल्या बॅटरीवरचा पंचाहत्तर टक्क्यांचा दावा वाचून आपण काय समजायचं ते समजायचं. माझा तर उलटा नियम आहे. जी कम्पॅटिबल कंपनी आकडा ओरिजिनलच्या जवळपास ठेवते, तिच्यावर माझा विश्वास जास्त.

तुमचा कॅमेरा कुठला यावरही बरंच अवलंबून आहे. आमच्या १५००डीची बॅटरी साधीभोळी, तिला कम्पॅटिबल सहज चालते. पण पुतणसुनेचा २००डी आहे, त्याला ‘एलपी-ई१७’ लागते. तिच्यात एक चिप असते, ती कॅमेऱ्याशी आणि चार्जरशी बोलते. बाहेरच्या कंपनीच्या काही बॅटऱ्या कॅननच्या चार्जरमध्ये चार्जच होत नाहीत, त्यांना त्यांचाच चार्जर लागतो, आणि काहींचा चार्ज किती उरलाय ते कॅमेरा दाखवतच नाही. समारंभात बॅटरी किती उरली हे न कळणं म्हणजे सिलेंडर किती उरलाय हे न बघता पन्नास पानांचा स्वयंपाक मांडण्यासारखं आहे. निकॉनच्या काही कॅमेऱ्यांत नवं सॉफ्टवेअर टाकल्यावर आधी चालणाऱ्या परक्या बॅटऱ्या नाकारल्या गेल्याची उदाहरणं आहेत. म्हणून कम्पॅटिबल घेताना कॅमेरा बरोबर न्यावा, दुकानातच घालून बघावी. आणि वॉरंटीत असलेला नवा कॅमेरा असेल तर एक लक्षात ठेवा. परक्या बॅटरीने बिघाड झाला असं निघालं, तर कॅमेऱ्याची कंपनी सहसा हात वर करते.

चार्जरच्या बाबतीत मात्र मी बॅटरीपेक्षाही कडक आहे. लोक बॅटरी ओरिजिनल घेतात आणि ती लावतात रस्त्यावरच्या दीडशे रुपयांच्या चार्जरला! भरण्याचं काम चार्जर करतो. कुठे थांबायचं ते त्यालाच कळत नसेल, तर सगळा भार त्या बिचाऱ्या पट्टीवर येतो. कॅमेऱ्याबरोबर आलेला चार्जर सांभाळा.

नवी बॅटरी आणली की आम्ही तिची परीक्षा घेतो. एकदम समारंभाला नेत नाही. घरी पूर्ण चार्ज करायची, चार्ज होताना मधूनमधून हात लावून बघायचा. कोमट ठीक, चटका बसला तर परत. मग घरातल्याच कुंड्या, मांजर, शेजारची पोरं असे फोटो काढत राहायचं, कॅमेरा बंद पडेपर्यंत. किती निघाले ते वहीत लिहायचं. खुणा हळूहळू उतरल्या की एकदम, हेही लिहायचं. बारशाच्या दिवशी जे झालं ते या परीक्षेत आदल्या रविवारीच दिसलं असतं. प्रत्येक बॅटरीवर नेलपॉलिशचा ठिपका आहे, लाल म्हणजे ओरिजिनल, गुलाबी म्हणजे कम्पॅटिबल, आणि खाली घेतल्याची तारीख. तीन-चारशे वेळा चार्ज झाली की कुठलीही बॅटरी थकते, लाल ठिपक्याचीसुद्धा.

आमच्याकडे प्री-वेडिंगवाले कासच्या पठारावर आणि महाबळेश्वरला जातात, तेही पहाटेच्या धुक्यात. थंडीत बॅटरी लवकर मान टाकते. ओरिजिनल असो नाहीतर कम्पॅटिबल, थंडी भेदभाव करत नाही. जादाची बॅटरी स्वेटरच्या आतल्या खिशात ठेवायची. आणि गारठून बंद पडलेली लगेच ‘गेली’ म्हणून टाकून देऊ नका, अंगाच्या उबेने ती पुन्हा थोडी चालते. वैशाखातल्या उन्हात मात्र गाडीत, काचेजवळ बॅटरी ठेवू नका. थंडीने ती नुसती रुसते, उन्हाने कायमची बिघडते.

आणखी एक, ही खास आपल्या बायकांच्या पर्समुळे. सुटी नाणी, किल्ल्या, सेफ्टी पिना, आकडे आणि त्यातच उघडी बॅटरी! तिच्या पितळी पट्ट्यांना पिन आडवी लागली की शॉर्ट सर्किट. बॅटरीबरोबर प्लास्टिकचं टोपण येतं ते फेकू नका. हरवलंच तर बॅटरी कापडी बटव्यात एकटी ठेवा. विमानाने जाणार असाल तर जादाच्या बॅटऱ्या हातातल्या सामानात न्यायच्या, चेक-इन बॅगेत चालत नाहीत. रात्री गादीवर चार्जिंगला लावून झोपणं अगदी बंद. फरशीवर ठेवा, जागं असताना चार्ज करा.

फुगलेली बॅटरी ओळखायला सोपी आहे. सपाट टेबलावर ठेवली की डुगडुगते, कॅमेऱ्यात जाताना अडते. ती दामटून घालायची नाही, आत अडकली तर सुरीने उचकटायची नाही, आणि ‘शेवटचं एकदा’ म्हणून चार्जिंगलाही लावायची नाही.

मग तिचं करायचं काय? इथे माझ्यातली समाजसेविका गप्प बसू शकत नाही. आपण ती कचऱ्याच्या डब्यात टाकतो आणि घंटागाडी घेऊन जाते. पुढे गाडीत कचरा दाबला जातो, किंवा एखादी कचरावेचक बाई आत काही धातू मिळेल म्हणून ती दगडाने ठेचते. दोन्ही वेळा ती पेटू शकते. स्वस्त डुप्लिकेट बॅटऱ्या लवकर मरतात, म्हणजे कचऱ्यातही त्याच जास्त जातात. आपण वाचवलेल्या पैशांची किंमत दुसऱ्याच बाईच्या हाताला चुकवावी लागते. बॅटरीवर फुली मारलेल्या कचराकुंडीचं चित्र असतं ना, ते याचसाठी. २०२२ साली आलेल्या बॅटरी कचरा व्यवस्थापनाच्या नियमांनी वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून पुनर्वापराला पाठवण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. पण त्यासाठी बॅटरीला उत्पादक असायला हवा! बिननावाच्या मालाचं कोण गोळा करणार?

आम्ही बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात तळाला वाळू घातली आहे. मेलेल्या बॅटऱ्यांच्या पट्ट्यांवर चिकटपट्टी लावून त्या डब्यात ठेवतो, डबा पोरांच्या हाताला लागणार नाही असा गॅलरीत. गटातल्या बायका आता घरातल्या जुन्या मोबाइलच्या बॅटऱ्याही आणून देतात, कुणाच्या मुलाच्या रिमोटच्या गाडीची, कुणाच्या टॉर्चची. डबा पाऊण भरलाय. धाकटी पुढच्या आठवड्यात पुण्याला अल्बम आणायला जाणार आहे, तेव्हा ती तो ई-कचरा संकलन केंद्रात देऊन येईल. परतताना एक लाल ठिपक्याची बॅटरी आणायची आहे. मार्गशीर्षात तीन डोहाळजेवणं आणि एका लग्नाची हळद आहे, आणि जुनीच्या फोटोंचा आकडा वहीत तीनशेच्या खाली आलाय.